जड धातूंची जाहीर चर्चा

दातवाल्यांनी चष्मा परत पाठवला, तेव्हा गुरुजींना कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलं आहे.

चष्मा चष्मेवाल्यांच्या दुकानातला. त्यांनी स्वतः नंबर तपासून, स्वतः काचा घासून, मित्राच्या नाकाला शोभेल अशी फ्रेम निवडून तो दिलेला. तो पुडक्यात बांधून पोस्टाने परत आला. तेव्हापासून दातवाले, म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर दवाखाना असलेले दंतवैद्य, रुग्णाच्या तोंडात जवळजवळ डोकं घालून अंदाजाने दात शोधत होते. इकडे चष्मेवाल्यांची दाढ ठणकत होती आणि गाल एका बाजूने फुग्यासारखा फुगला होता. पण ते म्हणत, "जबडा गेला तरी बेहत्तर, त्या माणसाच्या खुर्चीत बसणार नाही."

भांडण जमिनीचं नव्हतं, पैशाचं नव्हतं, मुलामुलींच्या लग्नाचंही नव्हतं. भांडण एका अल्बमवरून होतं, आणि तोही हेवी मेटलचा.

हेवी मेटल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी बिचकू नये. सोपं आहे. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी कोसळली तर जो आवाज होतो, तो हेवी मेटल नव्हे. तो नुसता अपघात. पण तीच मांडणी तालात कोसळली, कोसळताना एकही भांडं मात्रा चुकलं नाही, आणि सगळं शांत व्हायच्या आत कुणीतरी त्याबद्दल घसा फाडून मनापासून दुःख व्यक्त केलं, तर ते हेवी मेटल. हे दुःख ऐकणारी माणसं काळे शर्ट घालतात, छातीवर कवट्या मिरवतात, आणि स्वभावाने बहुधा इतकी मऊ असतात की झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतात.

तर 'रस्ट बिशप' नावाचा एक बँड. त्यांचा 'नाइन कॉफिन्स' हा अल्बम आला तेव्हा गुरुजी, दातवाले, चष्मेवाले आणि त्यांचे चौथे मित्र पोस्टमास्तर असे चौघेही कॉलेजात होते. त्यानंतर बँडमधली माणसं आपापसात भांडली, पांगली. एकाने म्हणे मेंढ्या पाळल्या. आणि आता सगळ्यांची पोटं सुटल्यावर ती पुन्हा एकत्र आली आणि त्यांनी 'द टेन्थ कॉफिन' काढला.

दातवाले तो ऐकून म्हणाले, "ही कवळी आहे. दिसायला दात दिसतात, पण खाली मुळं नाहीत."

चष्मेवाले म्हणाले, "जुनं रेकॉर्डिंग विहिरीत बसून केल्यासारखं धूसर होतं. तुम्हाला धूसरपणाचीच सवय लागलीय."

"माझ्या नजरेबद्दल बोलायचं काम नाही."

"का नाही? नजर मीच दिलीय तुम्हाला!"

त्यावर चष्मा काढला गेला, आणि पुढचं सगळं पोस्टमास्तरांच्या हातून गेलं.

पोस्टमास्तरांचा या भांडणात काडीचा उपयोग नव्हता. समोर जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटत असे. दातवाल्यांकडे गेले की "खरंय, मुळं नाहीत", चष्मेवाल्यांकडे गेले की "खरंय, धूसर आहे". तेव्हा सगळा भार गुरुजींवर आला.

गुरुजी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "हळू बोला, बाळांनो." हळू बोला, हळू बसा, बाक हळू सरकवा. मुलं त्यांची लाडकी होती आणि एकाला हातचा कळला नाही तर तोच हातचा ते दहा निरनिराळ्या उदाहरणांनी समजावत. पण असा दिवस आठवडाभर काढलेल्या माणसाला शनिवारी संध्याकाळी कुठेतरी मांडणी कोसळायला हवी असते. शनिवारची बैठक हीच त्यांची हक्काची जागा होती. तिथे त्यांच्याकडून कुणी समजूतदारपणाची अपेक्षा करत नसे. आता दातवाले आणि चष्मेवाले फुटले, तर मागे उरणार कोण? एक गुरुजी आणि त्यांच्याशी शंभर टक्के सहमत असलेले पोस्टमास्तर. त्याला बैठक म्हणत नाहीत.

"दोघांना एका खोलीत बसवायचं," गुरुजींनी बायकोला सांगितलं. "दोन्ही अल्बम ओळीने ऐकायचे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"कुठल्या खोलीत?" बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं. "या घरात नाही हं. मागच्या खेपेला शोकेसमधल्या बाहुलीचं डोकं पडलं."

प्रश्न बरोबर होता. दवाखान्यात बैठक भरली होती तेव्हा खुर्चीतला रुग्ण तोंडात कापूस घेऊन पळाला होता. चष्म्याच्या दुकानात भरली तेव्हा फळीवरच्या फ्रेमा एकेक करून उड्या मारू लागल्या. शिवाय जागा तटस्थ हवी होती. बायकोच म्हणाली, "आपल्या बिल्डिंगचा हॉल का नाही घेत? रिकामाच असतो. पण सेक्रेटरींना विचारावं लागेल." आणि ती उगाचच हसली.

बिल्डिंगचे सेक्रेटरी सरकारी भाषांतर खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं होतं, भाषांतर सुटलं नव्हतं. त्यांना 'सेक्रेटरी' म्हटलेलं चालत नसे, 'सचिव' म्हणावं लागे. लिफ्टवर त्यांनी 'उद्वाहक' अशी पाटी लावली होती. ती वाचून पाहुणे निमूटपणे जिन्याने जात.

"कार्यक्रमाचं स्वरूप?" त्यांनी विचारलं.

"हेवी मेटल ऐकायचंय. आम्ही चौघंच आहोत."

"ऐकायचं म्हणजे संगीत?"

"हो."

"सभागृहात संगीताला बंदी आहे. त्या वाढदिवसाच्या प्रकारानंतर ठराव झालाय."

गुरुजींचा चेहरा उतरला. सेक्रेटरींना दया आली असावी. ते नियमाचे पक्के होते, पण नियमाला वळसा घालून नियमातच राहण्याची कला त्यांनी नोकरीत कमावली होती.

"चर्चेला मात्र बंदी नाही," ते म्हणाले. "तुम्ही चर्चा करता का?"

"चर्चाच करतो हो. ऐकणं थोडं, बोलणंच फार."

"मग झालं. चर्चेच्या ओघात जो आवाज होईल ते ध्वनिप्रात्यक्षिक. विषय सांगा, फळ्यावर लिहावा लागेल."

"हेवी मेटल."

"माझ्या फळ्यावर परका शब्द येत नाही. जड धातू."

"अहो, पण जड धातू म्हटलं की..."

"गुरुजी, हेवी म्हणजे काय?"

"जड."

"आणि मेटल म्हणजे?"

"धातू," गुरुजी म्हणाले. वर्गात हाच सापळा ते मुलांना रोज लावत. त्यात आपण सापडल्यावर कसं वाटतं ते त्यांना आज कळलं.

"चर्चा नेमकी कशावर?"

"'नाइन कॉफिन्स' आणि 'द टेन्थ कॉफिन'. एक जुना, एक नवा. पण सचिवसाहेब, नावं तेवढी अवतरणचिन्हांत घाला."

"अवतरणचिन्हंही परक्या भाषेतूनच आलीत," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "बोलणारे कोण कोण?"

गुरुजींनी चौघांचे व्यवसाय सांगितले आणि हॉल मिळाल्याच्या आनंदात ते घरी गेले.

त्या आठवड्यात शाळेत परीक्षा होत्या. गुरुजी मागच्या फाटकाने स्कूटर आत घेत आणि मागच्याच जिन्याने वर जात. दर्शनी दारातला फळा काही त्यांच्या नजरेला पडला नाही. इतरांच्या मात्र पडला. सेक्रेटरींच्या मोत्यासारख्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं:

"जाहीर चर्चा. विषय : जड धातू. नऊ शवपेट्या आणि दहावी शवपेटी यांचा तुलनात्मक विचार. सहभाग : दंतवैद्य, चष्मातज्ज्ञ, टपाल अधिकारी व शिक्षक. ध्वनिप्रात्यक्षिक होईल. सर्व रहिवाशांनी अवश्य उपस्थित राहावे."

शेवटचं वाक्य सेक्रेटरींनी सवयीने घातलं होतं. त्यांची कुठलीही सूचना त्याच वाक्याने संपे, मग ती कचऱ्याची का असेना.

आता साधी माणसं हे वाचून काय समजणार? जड धातू कुठे असतात? पाण्यात. तसं तर वर्तमानपत्रात नेहमीच येतं. दंतवैद्य कशाला? दातांवर परिणाम होतो म्हणून. चष्मातज्ज्ञ? डोळ्यांवरही होतो म्हणून. टपाल अधिकारी कशाला, यावर जिन्यात थोडा वेळ खल झाला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "नातेवाइकांना कळवायला," आणि खल तिथेच संपला.

गुरुजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच जाणवलं की लोक एकाएकी फार आदराने वागू लागले आहेत. मागच्या जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटने त्यांना गाठलं.

"गुरुजी, शनिवारी येणारच आहे मी. पण एक विचारू? ती दहावी शवपेटी... कधी येतेय?"

गुरुजींना भरून आलं. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून या माणसाला रस्ट बिशप आवडतो याचा पत्ताच नव्हता!

"येतेय काय? आली की!" ते उत्साहाने म्हणाले. "मागच्याच महिन्यात. आमचे दातवाले म्हणतात, पहिल्या नऊची सर नाही तिला."

एजंटने कठड्याला धरलं. "आणि... त्या नऊ?"

"त्या जुन्या हो. मी कॉलेजात होतो तेव्हाच्या. काय दिवस होते!"

"आणि इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात?"

"काय करणार?" गुरुजी खिन्नपणे हसले. "घरात कुणी ऐकूनच घेत नाही. बायको म्हणते, दार लावा आणि काय ते आत करा."

एजंट दोन पावलं मागे सरकला. "मग आता आम्ही... काय काळजी घ्यावी?"

"सुरुवातीला थोडं थोडं घ्या," गुरुजींनी शिक्षकाच्या प्रेमळपणाने सांगितलं. "एकदम सगळं झेपत नाही. डोकं दुखेल, झोप उडेल, पण हळूहळू अंगात भिनतं. मग त्याच्यावाचून करमत नाही."

त्या संध्याकाळी एजंटने घरोघर फिरून तीन जणांच्या विम्याच्या कागदांवर सह्या घेतल्या, आणि पाणी खात्याला फोनही केला. मरणाचीही सोय, जगण्याचीही; माणूस दोन्ही बाजूंनी कामाचा.

शनिवारी गुरुजी काळा शर्ट शोधत होते. बायको गॅलरीतून खाली बघत म्हणाली, "अहो, हॉलमध्ये बरीच गर्दी चाललीय. लोक बाटल्या घेऊन निघालेत."

"बाटल्या? कसल्या?"

"पाण्याच्या."

"तहान लागते हो," गुरुजी म्हणाले. "मान हलवून हलवून."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते गृहपाठ विसरलेल्या मुलाकडे पाहत. "तुम्ही फळा वाचलाय ना?"

"कशाला वाचायचा? मीच तर सांगितला."

तिने पर्स घेतली आणि चांगली जागा मिळावी म्हणून ती पुढे निघून गेली.

गुरुजी हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. त्यांनी आयुष्यात पाहिलेली ही सर्वांत मोठी हेवी मेटल सभा होती. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बाटली, आणि बाटलीवर चिकटपट्टीने घराचा नंबर. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू स्वेटर विणत बसल्या होत्या. शेजारी गुरुजींची बायको. एका कोपऱ्यात पाणी खात्याचे साहेब हातात काचेच्या नळ्यांची पेटी घेऊन उभे. हॉलच्या मध्यभागी टेबल टेनिसचं टेबल होतं, तेच व्यासपीठ. त्याच्या एका टोकाला बिनचष्म्याचे दातवाले, दुसऱ्या टोकाला गाल सुजलेले चष्मेवाले, दोघंही काळ्या शर्टात. मध्ये जाळी, आणि जाळीपाशी पोस्टमास्तर.

"त्यांना सांगा, एवढे लोक जमवून माझा अपमान करायचा डाव असेल तर मी घाबरत नाही," दातवाले पोस्टमास्तरांना म्हणाले.

पोस्टमास्तर टेबलाच्या कडेने चालत गेले आणि त्यांनी निरोप पोचवला.

"त्यांना सांगा, लोक मी जमवलेले नाहीत. आणि मी तिकडे नाही, इकडे आहे. ते खांबाशी बोलतायत."

पोस्टमास्तर परत निघाले. तेवढ्यात सेक्रेटरींनी टाळी वाजवून शांतता प्रस्थापित केली आणि फळा आत ढकलून आणला. "आता गुरुजी आपल्याला जड धातूंची ओळख करून देतील."

गुरुजींनी फळा पाहिला. प्रथम त्यांच्या मनात आलं, अक्षर काय सुंदर आहे. मग त्यांनी तो वाचला. मग समोरच्या बाटल्या पाहिल्या. मग पुन्हा फळा.

"आधी एवढंच सांगा," काकू म्हणाल्या, "पाणी प्यायचं की नाही?"

"प्या की," गुरुजी क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि ती नऊ माणसं कुठल्या मजल्यावरची होती?" मागून कुणीतरी विचारलं.

गुरुजींनी घसा साफ केला. वर्गात एखादी गोष्ट कुणालाच कळली नाही की ते जे करत तेच त्यांनी केलं. अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. "समजा, तुमच्या स्वयंपाकघरात भांड्यांची एक मांडणी आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी तसं समजून घेतलं. पाणी खात्याच्या साहेबांनी वहीत 'भांडी' असं लिहून घेतलं. मांडणी कोसळली, तालात कोसळली, कुणीतरी दुःख व्यक्त केलं, आणि मग गुरुजी धीर करून म्हणाले, "थोडक्यात, या शवपेट्यांत कुणीही नाही. गाणी आहेत."

हॉलमध्ये जी शांतता पसरली, तिला रस्ट बिशपच्या भाषेत 'मोठ्या कडव्याआधीची शांतता' म्हणतात.

"गाणी?" एजंट ओरडला. "माणसांच्या सह्या घेतल्यात मी!"

"पेन्शनीत निघालेल्या माणसाने सकाळपासून उकळलेलं पाणी प्यायलंय!"

"गुरुजी, तुम्ही शिक्षक आहात! मुलं तुमच्या हाती देतो आम्ही!"

गुरुजींचे कान तापले. पहिलीच्या मुलांपुढे ते एकदा खुर्चीवरून पडले होते, तेव्हाही मुलांनी त्यांना उचललं होतं. इथे कुणी हात पुढे करेना. बायकोकडे पाहावं तर ती तोंडाला रुमाल लावून गदागदा हलत होती, आणि ते रडणं नव्हतं.

"भाषांतर अचूक होतं," सेक्रेटरी ताठ मानेने म्हणाले. "शब्दाला शब्द आहे. चूक असेल तर मूळ भाषेची आहे."

"मी मात्र वरच्या टाकीची झडप उघडून आलोय," पाणी खात्याच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं. "टाकी रिकामी होतेय. संशय आला की रिकामी करून धुवावी लागते. आता ती मधे थांबवता येत नाही."

"थांबवू नका!" तीनचार जण एकदम म्हणाले. "कधीपासून सांगतोय सेक्रेटरींना टाकी धुवायला."

"सचिव," सेक्रेटरी म्हणाले, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

लोकांचा राग अशा रीतीने दोन ठिकाणी वाटला गेला, आणि वाटला गेल्यामुळे जरा पातळ झाला. शिवाय घरी जाऊन करायचं काय? नळाला पाणी नाही. काकू म्हणाल्या, "आलोच आहोत तर ऐकू या की. मला ही बाही पुरी करायचीय." साहेबांनाही टाकी रिकामी होईपर्यंत थांबणं भाग होतं, त्यांनी पेटी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. चर्चा फळ्यावर जाहीर झालेली असल्यामुळे ती रद्द करायची तर आठवडाभर आधी कळवावं लागतं, असं सेक्रेटरींनी सांगितलं, आणि प्रश्नच मिटला.

दातवाल्यांनी 'नाइन कॉफिन्स'मधलं पहिलं गाणं लावलं.

काही लोकांनी कान झाकले, काहींनी बाटल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या. गाणं संपल्यावर साहेबांनी विचारलं, "मशीन बिघडलं होतं का?"

"ही वेदना आहे," दातवाले कोरडेपणाने म्हणाले. "मानवी अस्तित्वावरचं भाष्य आहे."

"मला त्यात फक्त 'आऽऽ' एवढंच कळलं."

"तेच भाष्य."

"पलीकडच्या माणसाला सांगा," चष्मेवाले जाळीपलीकडून ओरडले, कारण पोस्टमास्तरांची वाट बघण्याइतका धीर आता त्यांना नव्हता, "ती वेदना नाही! गिटारची तार सैल आहे! आता हे ऐका." आणि त्यांनी नवा अल्बम लावला.

पुन्हा काचा थरथरल्या. टेबलावरचा चेंडू आपोआप टुणटुणत खाली पडला.

"यात काय आहे?" दातवाले थेट चष्मेवाल्यांना म्हणाले. कित्येक आठवड्यांत ते त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते, म्हणून गुरुजींच्या मनात आशेचा किरण डोकावला. तो फार वेळ टिकला नाही. "सगळं घासूनपुसून गुळगुळीत! दाढ काढायच्या आधीच भूल दिल्यासारखं. दुखत नाही ते मेटल कसलं?"

"दुखण्याचं मला सांगू नका!" चष्मेवाले गाल धरून म्हणाले. "तुम्हाला नवं ऐकायचंच नाहीये. तुमचे कान कॉलेजातच राहिले."

"आणि तुमची निष्ठा? मेंढ्या पाळणाऱ्याबरोबर परत आलेल्या बँडला माफ करून टाकलंत!"

"तो परत आला हेच मोठं आहे!"

"पोस्टमास्तर, तुम्ही सांगा!"

"दोघांचंही..." पोस्टमास्तर म्हणाले, आणि शेवटी कोण बोललं ते आठवत उभे राहिले.

दातवाल्यांनी आपला अल्बम पिशवीत टाकला. चष्मा नसल्यामुळे पहिल्या खेपेला पिशवी चुकली. "गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही खटपट केलीत, पण ही शेवटची बैठक. मी पुढच्या शनिवारपासून नाही."

"मीही नाही," चष्मेवाले म्हणाले.

"मीही," पोस्टमास्तर म्हणाले.

गुरुजींनी तोंड उघडलं. मुलांची भांडणं ते एका वाक्यात मिटवत, "दोघं हात मिळवा आणि एक एक घोट पाणी प्या." पण ते वाक्य इथे चालणारं नव्हतं. हात कोण मिळवणार, आणि पाणी तर एवढं होतं की प्रत्येकाच्या मांडीवर बाटलीभर. दातवाले दाराकडे निघाले, अंदाजाने.

तेव्हा काकूंनी सुई थांबवली.

"पण दोन्ही सारखीच आहेत की हो," त्या म्हणाल्या.

दातवाले दारात थांबले. चष्मेवाल्यांचा हात गालावरून खाली आला.

"काय म्हणालात?" दातवाल्यांनी विचारलं.

"सारखीच आहेत. आधी धडधड, मग ओरडणं, मग पुन्हा धडधड. मला वाटलं तुम्ही एकच परत लावलं."

"सारखीच?" चष्मेवाले म्हणाले.

"सारखीच?" दातवाले म्हणाले. ते परत आले. वाटेत जाळीला अडखळले, तेव्हा चष्मेवाल्यांनी त्यांना दंडाला धरून सावरलं, पण दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. "अहो काकू, जमीन-अस्मानाचा फरक आहे!"

"कुठे?"

"कुठे? नव्या अल्बमच्या सुरुवातीला तो मंद भाग आला, धुक्यासारखा. जुन्यात तसं काही आहे का? जुन्यात त्यांना जमलंच नसतं ते!" असं दातवाले म्हणाले.

"आणि जुन्यातला तो खरखरीत आवाज?" चष्मेवाल्यांनी पुढे होऊन सांगितलं. "तो खरखरीतपणा नव्यात शोधून सापडणार नाही! सैल तारेशिवाय तो येतच नाही!"

"आणि नव्यात ढोल किती स्वच्छ ऐकू येतात!"

"हो, पण जुन्यातलं ते 'आऽऽ' काय काळजातून आलंय!"

"थांबा, वाजवूनच दाखवतो. इकडे द्या तो."

"तुमचा आधी काढा. पिशवीत आहे, डावीकडे. अहो डावीकडे. द्या, मीच काढतो."

दोघांनी खुर्च्या ओढल्या आणि काकूंच्या समोर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले. दातवाले अल्बमचं वेष्टण नाकाला लावून वाचत होते; चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला आणि "तिसरं गाणं, तिसरं" म्हणून बोट दाखवलं. काकू "अच्छा", "असं का", "तरी सारखंच वाटतं हो" म्हणत विणत राहिल्या, आणि दर "सारखंच"ला ते दोघं नव्या दमाने उसळत. पाणी खात्याचे साहेबही खुर्ची घेऊन जवळ सरकले. पोस्टमास्तरांची मान सारखी होकारात हलत होती. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस तालात आहे.

टाकी रिकामी झाली, धुऊन झाली, भरायला लागली. लोक एकेक करून बाटल्या घेऊन निघाले. सेक्रेटरींनी फळा पुसायला घेतला. चर्चा थांबायचं नाव घेत नव्हती; पुढच्या शनिवारी काकूंसाठी मधल्या काळातले सगळे अल्बम आणायचे, असंही परस्पर ठरून गेलं.

गुरुजी काकूंच्या खुर्चीमागे वाकले.

"काकू, पुढच्या शनिवारी नक्की या," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि हात जोडतो, काहीही झालं तरी मत बदलू नका."

"बदलायला कशाला?" काकूही तितक्याच हळू म्हणाल्या. "मला खरंच सारखं वाटतं. गाण्यांचं सोडा, मला तर ते दोघंही सारखेच वाटतात. यातला जुन्याच्या बाजूचा कुठला आणि नव्याच्या बाजूचा कुठला, ते तेवढं सांगा मला."

गुरुजींनी सांगायला बोट उचललं. समोर एक काळा शर्ट नव्याचं कौतुक करत होता आणि दुसरा काळा शर्ट जुन्यासाठी गहिवरला होता. गुरुजींनी बोट एकाकडे नेलं, मग दुसऱ्याकडे नेलं, थोडा वेळ हवेतच धरलं, आणि मग विचारात पडून त्याच बोटाने कान खाजवला.